जहाज सुटायला साठ सेकंद

मी एक जुना संगणक आहे आणि अजून चालतो. दुसरी गोष्ट मी मुद्दाम पहिल्याच वाक्यात सांगून टाकली, कारण मला पाहिल्यावर लोक आधी तेच विचारतात. "हा अजून चालतो का?" असे विचारताना ते माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत, घरातल्या माणसांकडे बघतात. मित्रांनो, आजोबा समोर बसलेले असताना "यांना ऐकू येतं का?" असे कुणी शेजारच्याला विचारले तर आजोबांना कसे वाटेल? मला तसेच वाटते.

माझा जन्म एका दुकानाच्या मागच्या खोलीत झाला. डबा एकीकडून आला, मॉनिटर दुसरीकडून, कीबोर्ड तिसरीकडून, आणि एका कारागिराने दोन दिवस खपून आम्हा सगळ्यांना एकत्र जोडले. त्याला स्क्रू ओठांत धरायची सवय होती आणि काम करता करता शिट्टी वाजवायचीही. दोन्ही एकदम जमत नाही. त्यामुळे एक स्क्रू माझ्या पोटात पडला तो आजही तिथेच आहे. मला हलवले की तो खुळखुळतो.

तेव्हा मी दुधाच्या सायीच्या रंगाचा होतो. आता पिवळा पडलो आहे, ते सोडा. माझ्या पुढच्या बाजूला तीन बटणे होती. एक चालू करायचे, एक अडकलो तर पुन्हा सुरू करायचे, आणि तिसरे वेगाचे. वेगाचे बटण आत दाबलेले असले की मी पूर्ण वेगाने चालत असे. ते बाहेर आले की माझी चाल मंदावे. झाले असे होते की माझ्या आधीच्या संगणकांसाठी लिहिलेले काही खेळ माझ्यावर सुसाट पळत, आणि खेळणाऱ्याला काही कळायच्या आत संपून जात. म्हणून मला मंद करायची सोय ठेवलेली होती. मला स्वतःला ती कधीच आवडली नाही.

मला विकत घेतले ते बाबांनी. बाबा घड्याळजी होते. बाजारात त्यांचे एवढेसे दुकान होते, एक माणूस आत बसला की दुसऱ्याने बाहेर उभे राहायचे. डोळ्याला भिंग लावून ते दिवसभर घड्याळांच्या पोटात डोकावत. मुलीच्या अभ्यासासाठी संगणक आणला, असे त्यांनी सगळ्यांना सांगितले. मुलीचे घरातले नाव टिल्ली. तेव्हा ती खरोखर टिल्ली होती, खुर्चीवर दोन उशा ठेवल्याशिवाय तिची नजर माझ्या पडद्यापर्यंत पोचत नसे. पुढे ती बाबांपेक्षा उंच झाली, पण नाव काही वाढले नाही.

आई शिवणकाम करत. त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला एक झालर लावलेले कव्हर शिवले, कुणाच्या तरी पडद्यांच्या उरलेल्या कापडाचे. त्या पडद्यांची मालकीण एकदा अचानक घरी आली, तेव्हा माझ्यावर घाईघाईने टॉवेल टाकावा लागला होता. मी तासभर टॉवेलाखाली गप्प बसलो. घरची अब्रू ती आपली अब्रू.

आता खेळाविषयी सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावरच आहे.

बाबांच्या एका गिऱ्हाइकाने त्यांना एक फ्लॉपी दिली. तिच्यात एक खेळ होता. धक्क्यावर एक जहाज उभे आहे, धक्क्यावर आठ खोकी आहेत आणि वर एक क्रेन आहे. साठ सेकंदांत आठही खोकी जहाजात भरायची. पडद्याच्या कोपऱ्यात साठापासून उलटे आकडे पडत. शून्य झाले की जहाज भोंगा वाजवून निघून जाई, मग तुमचे खोके हवेत लटकत असले तरी त्याला दयामाया नसे. क्रेन डावीउजवीकडे सरकवायच्या दोन कळा कीबोर्डच्या डाव्या टोकाला होत्या. क्रेनच्या दोराचा आकडा खाली सोडायची, वर घ्यायची आणि खोके सुटे करायची अशा तीन कळा उजव्या टोकाला. एकट्याला दोन्ही हातांनी खेळता येई, पण आमच्या घरात तो कुणी एकट्याने खेळला नाही. डावीकडे टिल्ली बसे, उजवीकडे बाबा. ती क्रेन नेई, ते आकडा सोडत.

बाबांचा उजवा हात म्हणजे काय वर्णावा! पहिले बोट खाली, दुसरे वर, तिसरे सुटे. खोके जहाजाच्या तळाला टेकले तरी आवाज होणार नाही इतक्या अलगद ते ठेवत. खेळात तसाही आवाज होत नसे, पण त्यांच्याकडे बघून तसे वाटे. दुकानातून आल्यावर हात साबणाने धुऊन, कोरडे करून मगच ते मला हात लावत. मग बापलेक अर्धा तास नुसते ओरडत असत. "डावीकडे, डावीकडे! अगं, ते डावं कुठलं!" आई पलीकडच्या खोलीतून शिवणयंत्र थांबवून म्हणत, "जहाज गेलं का? गेलं असेल तर जेवायला या."

माझे ते वैभवाचे दिवस होते. शेजारचे लोक मला बघायला येत. त्यांतले एक गृहस्थ तर माझ्यासमोर बूट काढून उभे राहत. टिल्लीचा अभ्यासही मी केला बरे का, अगदीच काही खोटे नव्हते ते. तिचे निबंध, तिचे प्रकल्प, पुढे औषधशास्त्राच्या कॉलेजातली लांबच लांब नावे, सगळे माझ्यातून गेले. मग तिने मांडीवर मावणारा संगणक घेतला. मांडीवर मावणे हा मोठा गुण आहे, माझ्यापाशी तो नाही. काही दिवस आईंनी माझ्यावर इस्त्रीचे कपडे ठेवले. मग एके दिवशी मला कव्हरासकट माळ्यावर चढवले.

माळ्यावर मी तेरा वर्षे होतो. तिथे मी ठरवले की बिघडायचे नाही. असे ठरवून काही होत नाही हे मलाही कळते. माझ्या पोटातली तारीख सांभाळणारी छोटी बॅटरी तिसऱ्याच वर्षी संपली, त्यानंतर मला दिवस कळेनासा झाला. दोन भाग फुगले, ते आजही फुगलेले आहेत. तरी मी ठरवलेले सोडले नाही. शेजारच्या फुटक्या बादलीने स्वतःला केव्हाच मोडीत काढले होते. मला तिच्यासारखे व्हायचे नव्हते.

आणि एके दिवशी माझ्या शेजारी तीन लाकडी पेट्या येऊन बसल्या. घड्याळाच्या तेलाचा वास मी ओळखला. बाबांची हत्यारे! चिमटे, भिंगे, गव्हाच्या दाण्याएवढी डोकी असलेले स्क्रू ड्रायव्हर, सगळा संसार पेट्यांत भरून दुकानातून घरी आला होता. ही हत्यारे एक दिवससुद्धा दुकान सोडून कुठे गेली नव्हती. माझ्या मनात पाल चुकचुकली.

हळूहळू खालच्या बोलण्यातून मला कळले. बाबांना अर्धांगाचा झटका आला होता. जीव वाचला, पाय सावरला, बोलणेही सुधारले, पण उजवा हात तसाच राहिला. व्यायाम शिकवायला एक बाई येत. त्यांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. बाबांनी तो डाव्या हाताने खिडकीबाहेर फेकला. "मी काय तान्हं बाळ आहे?" असे म्हणालेले मी स्वतः ऐकले. आणि एका सकाळी त्यांनी फोन केला. बाजारात दुसरा एक घड्याळजी आहे, तरुणपणी त्याने बाबांच्याच हाताखाली काम शिकले. त्याला बाबा म्हणाले, "महिनाअखेरीस ये आणि पेट्या घेऊन जा. माझं काम संपलं."

आईंचे शिवणयंत्र त्या दिवशी चाललेच नाही.

पेट्या खाली काढायला टिल्ली माळ्यावर चढली. आता ती औषधांच्या दुकानात काम करते, जवळच राहते, तिला आठ वर्षांची मुलगी आहे. पेट्या ओढता ओढता तिचा हात माझ्या झालरीला लागला. तिने कव्हर बाजूला केले, माझ्या कीबोर्डवरची धूळ फुंकली आणि उजव्या टोकाची कळ दाबली. खाड्! मित्रांनो, माझ्या कळांना स्प्रिंगा आहेत. त्या दाबाव्या लागतात, नुसते गोंजारून भागत नाही, आणि दाबल्या की त्या बोटाला उलटे ढकलतात. टिल्लीने एकदा दाबली, पुन्हा दाबली. खाली, वर, सुटे. मग ती वरूनच ओरडली, "आई, जरा हात दे गं! पेट्या राहू दे, आधी हा डबा घे!"

मला उतरवताना तो स्क्रू खुळखुळला. आई म्हणाल्या, "हा मोडला वाटतं." टिल्ली म्हणाली, "नाही, हा पहिल्यापासून असाच बोलतो."

मला बैठकीत बाबांच्या खुर्चीसमोर ठेवले, पेट्या माझ्या टेबलाखाली गेल्या. टिल्लीच्या मुलीने मला पुसून काढले. पडदा एवढा जाड का, एवढ्या वायरी कशाला, माउसला शेपूट का, असे शंभर प्रश्न तिने विचारले. मला चालू केले तेव्हा मी आधी भरपूर घरघर केली, मग पडदा उजळला. तारीख मात्र भलत्याच वर्षातली दाखवली. बाबा इतका वेळ मुद्दाम खिडकीकडे बघत होते. तारीख पाहून त्यांना राहवेना.

"घड्याळजीच्या घरात ही तारीख? बॅटरी गेलीय त्याची. मधल्या पेटीत असेल, गोल, चपटी."

नातीने माझे झाकण उघडले. जुनी बॅटरी बाबा स्वतः काढायला गेले. डाव्या हाताने त्यांनी उजव्या हातात स्क्रू ड्रायव्हर ठेवला, बोटे वळवून धरायला लावली. ती धरीनात. स्क्रू ड्रायव्हर दोनदा गळून पडला. तिसऱ्यांदा त्यांनी तो नातीकडे दिला आणि नुसते "तू काढ" म्हणाले. नवी बॅटरी बसली, तारीख बरोबर झाली. बाबांचे तोंड उतरले ते उतरलेच.

पण टिल्लीने खेळ सुरू केला. ती डावीकडे बसली आणि उजवीकडची खुर्ची रिकामी ठेवली. एक जहाज भोंगा वाजवून गेले. दुसरे गेले. तिसऱ्याला बाबा उठून आले.

मित्रांनो, त्या पहिल्या संध्याकाळी काय झाले ते सांगताना मला आजही वाईट वाटते. बाबांचे बोट कळेवर जाई, पण वर येत नसे. आकडा खाली, खाली, खोके समुद्रात. पुन्हा खाली, पुन्हा समुद्रात. साठ सेकंद संपत आणि जहाज रिकामे निघून जाई. दुसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी बाबा खेळ अर्धा टाकून उठले आणि आत जाऊन पलंगावर आडवे झाले. टिल्ली बराच वेळ माझ्यासमोर बसून राहिली. मग तिने वेगाचे बटण दाबले, ते बाहेर आले, आणि माझी चाल मंदावली.

खेळही मंदावला. आकडा सावकाश उतरू लागला आणि कोपऱ्यातले सेकंद पेंगुळल्यासारखे पडू लागले. तिला एवढेच हवे होते की बाबांच्या हातून एक तरी खोके नीट बसावे. मी बोलू शकत नाही, ही माझी सबब. खरे सांगायचे तर मलाही तेच हवे होते, म्हणून मी गप्प बसलो.

दुसऱ्या संध्याकाळी एक खोके बसले. मग दोन. आठवडाभरात पाच. नात टाळ्या वाजवी, टिल्ली "बाबा, बघा!" म्हणे, आईसुद्धा दाराशी येऊन उभ्या राहत. बाबांच्या चेहऱ्यावर रंग आला. ते फार हसत नव्हते, पण संध्याकाळी कुणी न सांगता हात धुऊन येऊन बसत. सहाव्या खोक्याच्या दिवशी ते नातीला म्हणाले, "पेट्यांवर धूळ बसलीय बघ, पूस जरा." टिल्लीने माझ्याकडे पाहिले. तिला वाटले, जमले!

आमचे चुकले ते इथेच. ज्या माणसाने चाळीस वर्षे सेकंदाच्या काट्याशी संसार केला, त्याला आम्ही मंद घड्याळ दाखवत होतो.

दोन दिवस बाबा खेळता खेळता मान तिरकी करून काहीतरी ऐकत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी हात कीबोर्डवरून काढून घेतला आणि नातीला जवळ बोलावले. "त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघ. इथे साठापासून सुरू झालं की मोजायला लाग. इथे शून्य झालं की थांब. किती झाले ते सांग."

नातीने मन लावून मोजले.

"ब्याण्णव, आजोबा."

बाबा माझ्या पुढच्या बाजूला वाकले. त्यांनी बटण पाहिले. ते बाहेर आलेले होते.

"कधीपासून?"

"बाबा, तुम्हाला बरं वाटावं म्हणून..." टिल्ली म्हणाली.

"लोकांच्या घरची घड्याळं मी बरोबर लावून दिली. आणि माझ्याच घरात मला खोटी वेळ?" त्यांचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरे झाले असते. "सहा खोकी भरली त्या दिवशी मी रात्रभर खुशीत होतो, टिल्ली. वेड्यासारखा."

त्यांनी तिथेच फोन मागवला आणि दुसऱ्या घड्याळजीला सांगितले, "महिनाअखेरीची वाट नको बघू. या रविवारी ये."

मला बंद केले. झालर लावलेले कव्हर पुन्हा अंगावर आले. टिल्ली रडत रडत घरी गेली. त्या रात्री माझ्या मनात जे आले ते सांगायला मला लाज वाटत नाही. मी फुगलेल्या भागांसह, पिवळ्या डब्यासह, पोटातल्या तेरा वर्षांच्या धुळीसह ठरवले की रविवारपर्यंत मला कुणी एकदा जरी चालू केले, तर मी बंद पडणार नाही. आणि सेकंद टाकीन ते खरे टाकीन.

चालू केले ते आईंनी.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा खुर्चीत डोळे मिटून बसले होते. झोपलेले नव्हते. आई आल्या, कव्हर ओढून काढले, आणि बाबांना दिसेल असे माझे वेगाचे बटण अंगठ्याने आत दाबले. खट्कन आवाज झाला. बाबांनी डोळे उघडले. आई डावीकडच्या खुर्चीत बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा बसल्या. त्यांनी नाकावरचा चष्मा वर केला.

"मला हा खेळ येत नाही," त्या म्हणाल्या, "पण हरायला येतं. या."

"कशाला?"

"अहो, रविवारी पेट्या जायच्या तर जाऊ देत. तोवर घरात बसून करणार काय आहात? छत मोजणार?"

बाबा उठले. मला वाटते, छत मोजायचा त्यांना खरेच कंटाळा आला होता.

आणि मग जी काही दाणादाण उडाली! आई क्रेन डावीकडे नेऊ गेल्या की ती उजवीकडे जाई. बाबांचा आकडा खाली अडकून बसे. जहाजे एकामागून एक रिकामी निघून जाऊ लागली. प्रत्येक जहाजामागे आई टेबलाच्या कडेला शिवणाच्या खडूने एक रेघ मारत. "हे गेलं. पुढचं." एवढेच बोलत. "हरकत नाही" म्हणत नसत, "छान" म्हणत नसत. संध्याकाळी टिल्ली बिचकत दारात आली तेव्हा टेबलाच्या कडेला एकवीस रेघा होत्या आणि आईबाबा भांडत होते.

"अहो, वर घ्या ना!"

"घेतोय! बोट ऐकत नाही माझं!"

"मग त्याला सांगा! मला काय सांगता!"

टिल्ली पिशवी खाली ठेवून भिंतीला टेकून उभी राहिली. बाबांनी तिच्याकडे न बघता म्हटले, "तुझ्या आईला डावं कुठलं ते कळत नाही. बस इथे." आई लगेच उठल्या. टिल्ली बसली. बाविसावे जहाजही रिकामेच गेले. पण रेघ मारायला टिल्लीने स्वतः खडू घेतला.

बुधवारी एक खोके बसले. एकच. गुरुवारी एकही नाही. गुरुवार फार वाईट गेला, बाबांनी कीबोर्डवर मूठ आपटली, नि एक कळ उडून पेट्यांच्या मागे गेली. ती नातीने शोधून परत बसवली. मीही त्या दिवशी एकदा अडकलो. पडदा गोठला, आणि सगळे माझ्याकडे बघत राहिले. मी जोर लावला. कसा लावला ते मला सांगता येणार नाही, पण दुसऱ्या वेळी चालू केल्यावर मी उठलो. शुक्रवारी दोन खोकी. शनिवारी बाबांचे दुसरे बोट हलले. कळ दाबून ते आपले आपण वर आले. थरथरत आले, पण आले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाबांनी ते बोट डोळ्यांजवळ नेऊन पाहिले, जसे ते एखादे चाक भिंगाखाली धरून पाहत, आणि म्हणाले, "पुन्हा." शनिवारी रात्री टेबलावर एकशे चाळीस रेघा होत्या आणि भरलेले जहाज एकही नव्हते.

रविवारी सकाळी दुसरा घड्याळजी आला. चांगला माणूस आहे तो. हातात रिकामी पिशवी होती, पण ती तो पाठीमागे लपवत होता. "काका, मी नुसता भेटायला आलोय," असे तो खोटेच म्हणाला.

"पेट्या न्यायला आलायस. बस," बाबा म्हणाले. "आधी माझं एक काम आहे. तू हात लावायचा नाही."

त्यांनी नातीकडून भिंतीवरचे जुने लंबकाचे घड्याळ मागून घेतले. सेकंदाच्या काट्याचे नव्हे, दारावरचे दुसरे, झटका आला त्या दिवसापासून चावी न दिलेले. ते माझ्याच टेबलावर, कीबोर्ड बाजूला सारून ठेवले. टेबलाखालची पेटी उघडली. डाव्या हाताने काटे काढले, तेल घातले, चावी दिली. हे सगळे जमले. राहिली ती काट्यांना मध्यावर अडकवून ठेवणारी खीळ, टाचणीच्या टोकाएवढी. ती चिमट्यात धरून भोकात घालायची होती. डाव्या हाताने काटा धरून ठेवायचा, म्हणजे चिमटा उजव्या हातात आला. नातीने सवयीने मनगटावरच्या घड्याळात वेळ पाहून ठेवली.

खीळ पडली. नातीने लोहचुंबकाने शोधून दिली. पुन्हा पडली. दुसऱ्या घड्याळजीचा हात आपोआप पुढे झाला, तेव्हा आईंनी त्याच्याकडे असे काही पाहिले की तो खुर्चीत मागे सरकला. टिल्लीने स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. खीळ पडतच होती. बाबांच्या कपाळावर घाम आला, नाकाच्या शेंड्यावरून खाली गळला. मी चालू होतो, माझा पंखा घरघरत होता, आणि मला भीती वाटत होती की माझ्या थरथरण्यानेच खीळ पडत असेल. मी श्वास धरला असता, पण आम्हाला ती सोय नाही.

बाबांनी चिमटा मिटला, पुन्हा उघडला. बोट खाली गेले, दुसरे वर आले. खीळ भोकात गेली आणि तिथेच राहिली.

त्यांनी लंबकाला हलकेच ढकलले. घड्याळ चालू झाले. बाबा ताठ बसले आणि नातीला म्हणाले, "खीळ पहिल्यांदा उचलल्यापासून किती वेळ लागला?"

नातीने तिच्या घड्याळात पाहिले आणि टिल्लीकडे पाहिले. तिचे ओठ हलले, पण आकडा बाहेर येईना. आठ वर्षांच्या मुलीलासुद्धा मोह झाला, मित्रांनो. दहा म्हणावे, फार तर पंधरा, आजोबा खूश होतील.

"खरं सांग," टिल्ली म्हणाली.

"त्रेचाळीस मिनिटं, आजोबा."

मग बाबा हसले. आजारानंतर इतके मोठ्याने ते पहिल्यांदाच हसले, अर्धे तोंड अजून वाकडे होते तरी.

"त्रेचाळीस! पूर्वी अर्धं मिनिट लागायचं." त्यांनी रुमालाने कपाळ पुसले आणि दुसऱ्या घड्याळजीकडे वळले. "मनगटी घड्याळांची पेटी तू ने. ते काम माझ्याने आता व्हायचं नाही. उरलेल्या दोन इथेच राहू देत. भिंतीवरची घड्याळं माझ्याकडे पाठव. आणि गिऱ्हाइकाला सांगायचं, वेळ लागेल."

"सांगतो, काका," तो म्हणाला. त्याने एकच पेटी उचलली, आणि पिशवीचे काय करायचे ते त्याला कळेना.

आता सकाळी बाबा माझ्या शेजारी बसून काम करतात आणि संध्याकाळी जहाज भरतात. भरतात म्हणजे कधी भरते, बहुधा नाही भरत. माझे वेगाचे बटण आत आहे ते आतच आहे.

मित्रांनो, आमच्यासारखे सगळे जण शेवटी सांगतात की आम्हाला जपा, धुळीत टाकू नका. तेही करा, माझी ना नाही. पण मला दुसरेच मागायचे आहे. तुमच्या घरात कुणी मंद झाले असेल, माणूस असो की माझ्यासारखा डबा, तर त्याच्यासाठी घड्याळ मंद करू नका. त्याला त्याची खरी त्रेचाळीस मिनिटे घेऊ द्या. तुम्ही फक्त शेजारच्या खुर्चीत बसा, आणि जहाज गेले तर एक रेघ मारा.